घाटावरची फाइल, कोकणात विकलेली

रत्नागिरीतल्या एका मारुती जिप्सी गाडीचं हे प्रकरण. 1298 सीसीचं जी13बीबी इंजिन, हेड घासून कॉम्प्रेशन वाढवलेलं, कॅम बदललेला, फोर-टू-वन हेडर (चारही सिलिंडरचा एक्झॉस्ट एका पाइपात आणणारा) आणि कंपनीच्या ईसीयूच्या, म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क ठरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या, जागी हवा तसा सेट करता येणारा स्टँडअलोन. घाटावरून आलेल्या ट्यूनरने 'कोकणच्या हवेला रोड ट्यून' म्हणून पूर्ण पैसे आधी घेतले, मालकाला गाडी चालवायला लावून स्वतः मांडीवर लॅपटॉप उघडून तासभर हातखंब्याच्या बाजूला फिरला आणि ईसीयूच्या सेटिंगच्या फाइलला पासवर्ड टाकून निघून गेला.

गावात गाडी मस्त चालली. कोल्हापूरला जाताना साखरपा सोडून घाट लागला की एक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर इंजिनात टकटक (नॉकिंग, म्हणजे मिश्रण अवेळी पेटणं) सुरू व्हायची, आणि आंबा गाव येईपर्यंत आपोआप थांबायची. फोन केला की उत्तर ठरलेलं: पेट्रोलमध्ये भेसळ आहे, पंप बदला.

भेसळीचं पेट्रोल चढ चढता चढता सुधारत नाही. सुधारते ती हवा, म्हणजे विरळ होते. समुद्रसपाटीला हवेचा दाब 101 किलोपास्कलच्या आसपास, कोल्हापूर-पुण्याला 95. घाटावर कितीही एक्सिलरेटर दाबा, मॅनिफोल्ड प्रेशर, म्हणजे इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब, 95 च्या वर जाणारच नाही. ईसीयू आरपीएम आणि हा दाब बघून टेबलातून पेट्रोल आणि स्पार्कचे आकडे उचलतो. तिथे बसवलेल्या टेबलात 100 ची ओळ कधी वापरलीच जात नाही, म्हणून ती कोणी भरतही नाही.

महिनाभर तगादा लावल्यावर पासवर्ड मिळाला. फ्युएल टेबलात 4000 आरपीएमला 95 च्या ओळीत 87 आणि त्याखाली 100 च्या ओळीत 74 (आकडा मोठा तेवढं पेट्रोल जास्त). म्हणजे शेवटच्या ओळीत मूळ बेस फाइलचे, साध्या इंजिनाचे आकडे तसेच राहिलेले. इग्निशनमध्ये, म्हणजे पिस्टन वर पोहोचण्याआधी किती अंशांवर स्पार्क पडतो त्यात, 95 ला 26 अंश, 100 ला 31. जिथे सिलिंडरमध्ये सगळ्यात जास्त हवा भरते, तिथेच पेट्रोल कमी आणि स्पार्क आधी. लॅम्डा म्हणजे हवा-पेट्रोलचं माप: 1 म्हणजे नेमकं पुरेसं पेट्रोल, त्याखाली जास्त, त्यावर कमी. हिशोब सोपा आहे: 0.87 लॅम्डाला लागणाऱ्या 87 ऐवजी 74 दिले की लॅम्डा 1.02 होतो. फुल लोडवर असं चालवत राहिलं की आधी प्लगच्या चिनी मातीवर ॲल्युमिनियमचे बारीक ठिपके दिसतात, मग पिस्टनची रिंगलँड (दोन रिंगांमधला पट्टा) तुटते.

हातखंब्याच्या फेरीत हे कळलं का नाही? हलक्या पायाने चालवलं तर मॅनिफोल्ड प्रेशर 40 ते 70 मध्ये राहतं आणि तिथे ऑक्सिजन सेन्सर चूक झाकत राहतो. पूर्ण एक्सिलरेटरवर बहुतेक ईसीयू हे करेक्शन सोडून देतात. त्या माणसाने तासाभरात एकदाही पूर्ण दाबायला सांगितलं नव्हतं.

हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणाऱ्या गेजवरच्या आकड्यालाही भुलू नका. गेज लॅम्डाच मोजतं आणि 14.7 ने गुणून दाखवतं. ई20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं खरं प्रमाण साधारण 13.5 आहे, तरी गेजवर 14.7 दिसलं की लॅम्डा 1 च असतो. 'ई20 साठी वेगळं सेटिंग, जादा पैसे' म्हणून 14.7 चा 13.5 करून दाखवणारा तुम्हाला नुसतं जास्त पेट्रोल पाजतोय. फुल लोडला गेजवर 12.5 ते 12.9 हवं. सेन्सरच्या आधी एक्झॉस्ट गळत असेल तर आकडा खोटा लीन, म्हणजे पेट्रोल कमी असल्यासारखा, येतो. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत गंजलेले हेडरचे बोल्ट आणि गॅस्केट ट्यूनिंगआधीच बघून घ्या.

टायमिंग लाइट (स्पार्कबरोबर चमकून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) न लावता इग्निशन टेबलाला हात घालणारा माणूस दारातूनच परत पाठवावा. सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग 10 अंशांवर लॉक करायचं, लाइटची क्लिप एक नंबरच्या प्लग वायरवर, आणि पुलीवरची खूण 10 वरच दिसली पाहिजे. ती 16 वर असेल तर टेबलातला 26 प्रत्यक्षात 32 असतो. मग 4000 पर्यंत रेस करा. खूण सरकू लागली तर क्रँक सेन्सरच्या वायरींची उलटापालट किंवा ट्रिगर सेटिंग तपासायचं. पाच मिनिटांचं काम, आणि जिप्सीवर तेही झालं नव्हतं.

सोबत डायनोचा (इंजिनाची ताकद मोजणाऱ्या मशीनचा) छापील ग्राफही दिला होता: 6000 आरपीएमला 110 न्यूटन-मीटर आणि 104 हॉर्सपॉवर. टॉर्कला आरपीएमने गुणून 7121 ने भागा, 92.7 येतात. ग्राफ बनवणाऱ्याने एवढंही जुळवलं नव्हतं.

तक्रार करायला असे गिऱ्हाईक कचरतात, कारण मोटार वाहन कायदा 1988 च्या, गाडीतल्या बदलांवर बंधन घालणाऱ्या, कलम 52 पुढे बदललेलं इंजिन आपल्यालाच अडचणीत आणतं. ही भीती समोरच्याला पक्की ठाऊक असते.

म्हणून निम्मे पैसे हातात ठेवा. पासवर्ड नसलेली फाइल आणि पूर्ण एक्सिलरेटरचा लॉग मागा: आरपीएम, मॅनिफोल्ड प्रेशर, लॅम्डा, टायमिंग, इनटेकचं तापमान. लॉग किनाऱ्यालगतचा हवा, तोही दुपारच्या उन्हातला. त्यात प्रेशर 98 च्या वर गेलेलं दिसत नसेल तर उरलेले पैसे देऊ नका.