दोन केबलींवरचे सर्व्हर: एकत्रित नेटवर्किंगचा आठ महिन्यांचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी आम्ही चोवीस सर्व्हरांचे नेटवर्क आणि स्टोरेज ही दोन स्वतंत्र जाळी मोडून दोन्हींची वाहतूक एकाच इथरनेटवर आणली. पूर्वी प्रत्येक सर्व्हरमागे १ गिगाबिटच्या सहा आणि स्टोरेजसाठीच्या वेगळ्या जाळ्याच्या, म्हणजे फायबर चॅनेलच्या, दोन अशा आठ केबली होत्या. आता २५ गिगाबिटच्या दोन आहेत, आणि व्यवस्थापनाची एक केबल आम्ही मुद्दाम वेगळी ठेवली आहे. रॅकमागची गर्दी कमी झाल्याचा आनंद आहेच, परंतु मला त्याहून मोलाची वाटते ती लवचीकता. कोणता पोर्ट कशासाठी वापरायचा हे पूर्वी कार्ड विकत घेतानाच ठरून जात असे. आता तो निर्णय सर्व्हर रॅकमध्ये बसल्यानंतरही बदलता येतो.

तिसऱ्या महिन्यात वेब सेवेसाठी घेतलेले चार सर्व्हर डेटाबेसकडे वळवायचे ठरले. जुन्या रचनेत त्यांच्यासाठी फायबर चॅनेलची कार्डे मागवावी लागली असती, स्टोरेजच्या स्विचवर मोकळे पोर्ट शोधावे लागले असते आणि प्रत्येक सर्व्हर उघडावा लागला असता. या वेळी आम्ही कार्डाच्या मांडणीत प्रत्येक पोर्टवर स्टोरेजचा एक आभासी अडॅप्टर चालू केला, त्याचा डब्ल्यूडब्ल्यूपीएन (स्टोरेज जाळ्यातला त्याचा ओळखक्रमांक) झोनिंगमध्ये, म्हणजे कोणी कोणाशी बोलायचे या यादीत, घातला, लन (स्टोरेजमधला नेमून दिलेला हिस्सा) नेमून दिले आणि सर्व्हर रीबूट केले. चारही सर्व्हरांचे काम एका दुपारीत आटोपले आणि एकाही केबलला हात लावावा लागला नाही.

बँडविड्थच्या बाबतीतही हाच अनुभव आला. ईटीएसमध्ये, म्हणजे वाहतुकीच्या प्रकारांना बँडविड्थ वाटून देणाऱ्या सोयीत, आम्ही स्टोरेजला ४० टक्के, म्हणजे प्रत्येक पोर्टवर १० गिगाबिट, इतका वाटा दिला आहे. हा वाटा म्हणजे किमान हमी असते, कमाल मर्यादा नव्हे, त्यामुळे स्टोरेज शांत असताना व्हर्च्युअल मशीनच्या स्थलांतराला ती मोकळी जागा वापरता येते. पूर्वी फायबर चॅनेलचे पोर्ट रिकामे असतानाही शेजारच्या १ गिगाबिटच्या पोर्टवर स्थलांतर रखडत असे, हे आठवले की फरक नीट कळतो.

ही सोय मात्र शिस्त मागते, आणि ती आम्ही त्रास सोसून शिकलो. फायबर चॅनेलला फ्रेम (एकावेळी पाठवला जाणारा डेटाचा तुकडा) गळणे परवडत नाही, तर साध्या इथरनेटवर बफर भरला की फ्रेम टाकून दिली जाते. म्हणून एफसीओईसाठी, म्हणजे इथरनेटवरून फायबर चॅनेल चालवण्यासाठी, पीएफसी ही प्राधान्यानुसार वाहतूक थांबवणारी सोय लागते: आठ प्राधान्यांपैकी जिथे गर्दी झाली तेवढेच प्राधान्य क्षणभर थांबवले जाते आणि बाकीची वाहतूक चालू राहते. पाचव्या आठवड्यात रात्रीच्या बॅकअपच्या वेळी काही सर्व्हरांचे स्टोरेज अडखळू लागले, मल्टिपाथ (स्टोरेजकडे जाणारे एकाहून अधिक मार्ग सांभाळणारी यंत्रणा) एका मार्गावरून दुसऱ्यावर उड्या मारू लागला, आणि दिवसा पाहावे तर सारे सुरळीत. चार रात्री घालवल्यावर कारण सापडले. कार्ड आणि स्विच या मांडण्या डीसीबीएक्स या भाषेत आपसात ठरवतात; कार्ड तिची प्रमाणित होण्यापूर्वीची आवृत्ती बोलत होते आणि स्विच आयईईई या मानक ठरवणाऱ्या संस्थेची, त्यामुळे त्या पोर्टवर पीएफसी कागदोपत्री चालू असूनही प्रत्यक्षात बंद होती. कमी भारात फ्रेम गळतच नव्हत्या, म्हणून दोष दिसत नव्हता. तेव्हापासून मांडणीत काय लिहिले आहे यावर न थांबता दोन्ही टोकांना प्रत्यक्ष काय लागू झाले आहे हे आम्ही पाहतो आणि पॉजच्या, म्हणजे वाहतूक किती वेळा थांबवली गेली याच्या, मोजणीवर रोज नजर ठेवतो. असे काही स्वीकारणाऱ्या प्रत्येकाला मी हीच तपासणी पहिल्या दिवशी करायला सांगेन. एमटीयूचे, म्हणजे एका फ्रेममध्ये किती मजकूर मावू शकतो या मर्यादेचेही तसेच आहे: फायबर चॅनेलच्या एका फ्रेममध्ये २११२ बाइटपर्यंत मजकूर असू शकतो, त्यामुळे नेहमीचे १५०० पुरत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर वाटते. कार्डाचे फर्मवेअर बदलताना नेटवर्क आणि स्टोरेज दोन्ही एकदम जातात. पूर्वी निदान एक तरी उरत असे. सुरुवातीला दोन्ही पोर्ट एकाच कार्डावर घेतले, ही आमची चूक होती. डेटाबेसच्या सर्व्हरांत आता दोन कार्डे आहेत आणि प्रत्येकातून एकेक मार्ग निघतो. नेटवर्क आणि स्टोरेज सांभाळणाऱ्या दोन गटांना एकच स्विच वाटून घ्यावा लागला, त्यावरही सुरुवातीला खटके उडाले. कोणी कोणत्या आज्ञा द्यायच्या हे अधिकारांनिशी ठरवल्यावर ते थांबले.

सध्या आम्ही जुने फायबर चॅनेल स्टोरेज निवृत्त करून आयस्कझीकडे, म्हणजे नेहमीच्या आयपी नेटवर्कवरून स्टोरेज वापरण्याच्या पद्धतीकडे, जात आहोत. आयस्कझी टीसीपीवर, म्हणजे डेटा पोहोचल्याची खात्री करणाऱ्या नियमावलीवर, चालत असल्याने गळलेला भाग पुन्हा पाठवला जातो आणि पीएफसीची सक्ती उरत नाही, तरीही बँडविड्थची हमी आम्ही तशीच ठेवली आहे. आतापर्यंत नऊ सर्व्हर हलवले आहेत, आणि ते त्याच कार्डांवर, त्याच दोन केबलींवर चालू आहेत.