गांजाच्या बियांचे तीन प्रकार, बी मात्र एकच

कोपरखैरण्यात राहणाऱ्या माझ्या भाच्याने मोबाइलवरील एका ग्रुपमधून गांजाचे बी मागवले आणि तो एकाच व्यवहारात दोनदा लुबाडला गेला.

विक्रेत्याने त्याच्यापुढे तीन प्रकार ठेवले होते. ‘रेग्युलर’ बियांतून साधारण निम्मी झाडे नर निघतात. ‘फेमिनाइज्ड’ बियांतून जवळजवळ सर्व मादी झाडे येतात, म्हणून ते महाग. आणि ‘ऑटोफ्लॉवर’ वाण दिवस लहान होण्याची वाट न पाहता वयानुसार फुलतो, म्हणून बाल्कनीसाठी तोच घ्यावा, असा त्याचा आग्रह होता. ही माहिती खोटी नाही आणि खरी मेख तिथेच आहे, कारण यातले कोणते बी कोणत्या प्रकारचे हे नुसते पाहून जाणकारालाही सांगता येत नाही. मी तिन्ही डब्यांतले बी पांढऱ्या बशीत ओतून पाहिले. करड्या रंगावर तपकिरी रेघा, आकार ज्वारीएवढा, फरक तिळमात्र नाही. सर्वांत महागड्या डबीत तर बाजरीचे चार दाणे निघाले; पक्ष्यांच्या खाद्यातले बी निवडून भरले असावे, असा माझा तर्क आहे.

‘बी बाळगणे गुन्हा नाही’ असे विक्रेता छातीठोकपणे सांगत असे. 1985 च्या अंमली पदार्थविरोधी कायद्यातील गांजाच्या व्याख्येत फुलोऱ्याविना असलेले बी येत नाही, हे खरे. परंतु परवान्याशिवाय झाड लावणे हा कलम 20 खाली गुन्हा असून त्यासाठी 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. घरच्या एका कुंडीलाही त्यातून सूट नाही.

भाच्याने पैसे परत मागताच खाकी कपड्यांतील एका इसमाचा व्हिडिओ कॉल आला. ‘तुला डिजिटल अटक झाली आहे’ असे दरडावून त्याने इमारतीचे नाव, विंग आणि फ्लॅट क्रमांक बिनचूक वाचून दाखवला. तो पत्ता विक्रेत्याखेरीज कोणाला दिलेला नव्हता, पण घाबरलेल्या माणसाला हे सुचत नाही. त्याने 18,000 रुपये भरले. अशी अटक आपल्या कायद्यात अस्तित्वातच नाही.

तक्रार केली तर आपणच अडकू, या भीतीवरच हा धंदा चालतो. बी पेरलेले नव्हते, म्हणून वकिलांनी निःशंकपणे 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला लावली. मात्र तोवर रक्कम पुढच्या खात्यांत गेली होती. पैसे तातडीने गोठवता यावेत म्हणून तेथे लगेच कळवावे लागते.