इंग्रजीतल्या लाडाच्या शब्दांसाठी : ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीची ऑनलाइन आवृत्ती

लहान मुलांविषयी प्रेमाने बोलताना इंग्रजी भाषक जे शब्द वापरतात, ते पाठ्यपुस्तकात क्वचितच भेटतात, आणि बालसाहित्याचा अनुवाद करणाऱ्याची किंवा परदेशी वाढणाऱ्या नातवंडांशी बोलणाऱ्याची तिथेच अडचण होते. अशा वेळी मला सर्वांत भरवशाची वाटते ती ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी. १८८४ पासून भागाभागाने छापला गेलेला आणि १९२८ मध्ये पूर्ण झालेला हा कोश २००० पासून ऑनलाइन वाचता येतो.

जुन्या-नव्या लेखनातली अवतरणे कालक्रमाने देण्याची त्याची पद्धत लाडाच्या शब्दांना फार मानवते. ‘किड’ म्हणजे मुळात शेळीचे करडू. मुलासाठी हा शब्द आधी हलक्या बोलीत आला आणि नंतर घरोघरी रुळला. ‘पॉपेट’चा जुना अर्थ बाहुली, तर ‘टाइक’ हे चक्क गावठी कुत्र्याचे नाव, आणि तरीही खोडकर पोराला आज कौतुकाने तेच म्हणतात. नातवाला मायेने ‘लबाड’ म्हणणारी आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा प्रवास परका वाटणार नाही.

नोंद वाचताना एका गोष्टीकडे मात्र नीट लक्ष द्यावे : शब्द मुलाविषयी बोलताना वापरतात की मुलाला हाक मारताना. ‘टॉडलर’ हे नुकत्याच चालू लागलेल्या मुलाचे वर्णन आहे, त्या नावाने आई मुलाला जवळ बोलावत नाही. ‘पॉपेट’ किंवा ‘स्वीटी’ने बोलावते. अर्थाच्या ओळीबरोबर अवतरणेही वाचली, तर हा फरक स्पष्ट होतो. आवाजातला जिव्हाळा, किंवा अनोळखी माणसाने तो शब्द वापरणे कितपत शोभेल, हे मात्र कोणताही कोश पूर्णपणे सांगू शकणार नाही. त्यासाठी त्या भाषेतल्या माणसांचे बोलणेच ऐकायला हवे.

स्कॉटलंडमधल्या ‘बेर्न’ आणि ‘वेन’ या ‘मूल’ अशा अर्थाच्या शब्दांसाठी मी ‘डिक्शनरी ऑफ द स्कॉट्स लँग्वेज’ हा ऑनलाइन कोशही उघडण्याचा आग्रह धरेन. ‘वेन’ हा ग्लासगोकडचा शब्द ‘लहान’ आणि ‘एक’ या अर्थांचे दोन शब्द जोडून झाला आहे. हा कोश विनामूल्य आहे. ऑक्सफर्डच्या संपूर्ण नोंदींसाठी वर्गणी लागते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांनी ती भरण्यापूर्वी जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयात अवश्य चौकशी करावी, कारण तिथल्या अनेक ग्रंथालयांच्या सभासदांना हा कोश घरबसल्या मोफत वाचता येतो.