ऐरोलीची फ्लेमिंगो बोट: तिकीट काढण्याआधी तिथी बघा

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून जी फ्लेमिंगो सफारी निघते, तिच्याबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. कुणाच्या डोळ्यांचं पारणं फिटतं, तर कुणी म्हणतं लांबवर गुलाबी रेघ दिसली आणि पैसे पाण्यात गेले. बोट तीच, तांडेलही तोच. दोघांच्या वाट्याला आलेलं पाणी मात्र वेगळं असतं, आणि ते आधी ठरवता येतं.

ठाण्याची खाडी ओहोटीला रिकामी होते, मैलभर चिखल उघडा पडतो आणि फ्लेमिंगो त्यावर चरायला पसरतात. पण तेव्हा बोटीखाली पाणी उरत नाही. पुढे रेटली तर गाळात रुतून पुढच्या भरतीची वाट बघत बसावं लागेल. पूर्ण भरतीला बोट हवी तिथे जाते, पण चिखल बुडालेला असतो आणि पक्षी उठून सीवूड्स-नेरुळच्या पाणथळींवर किंवा पलीकडे भांडुपला गेलेले असतात. कामाचा काळ मधला. पाणी चढत असतं, चिखलाच्या पट्ट्या अरुंद होत जातात आणि विखुरलेले थवे उरलेल्या उंचवट्यांवर दाटीवाटीने गोळा होतात. भरती पूर्ण व्हायच्या दीड-दोन तास आधी सुटणारी बोट मिळाली तर डोळे झाकून घ्या. उतरत्या पाण्यातली फेरीही बरी असते, पण पक्षी परतायला वेळ लावतात.

भरतीचा हिशेब कोळीवाड्यात आजही तिथीवर होतो, आणि तो इथे चोख चालतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. सकाळी आणि रात्री साधारण तेच. अर्धा-पाऊण तास मागेपुढे धरा, शिवाय पाणी खाडीत आत ऐरोलीपर्यंत पोचायला थोडं उशिरा येतं. मिनिटांचा हिशेब हवा असेल तर मुंबई बंदराचं भरतीचं वेळापत्रक आहेच. सकाळच्या फेरीसाठी एकादशी ते त्रयोदशी उत्तम. अष्टमीचा रविवार आला तर सोडून द्या, कारण ऐन दुपारी ओहोटी असते.

उधाण (मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या आसपासची लहान भरती) हाही फरक लक्षात घ्या. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास पाणी झपाट्याने चढतं, पक्षी जवळ ढकलले जातात, पण खेळ लवकर आटोपतो. भांगाच्या दिवसांत पाणी आळशी असतं. थवे कडेला लांबच राहतात आणि बोट मधल्या खोल भागातून बाहेर पडत नाही. फोटोसाठी यायचं असेल तर भांग टाळा.

हंगाम नोव्हेंबरपासून धरतात, पण सुरुवातीला थवे विरळ असतात. फेब्रुवारी ते एप्रिल सगळ्यात भरवशाचा. मे महिन्यात रंग छान असतो, ऊन मात्र जीव काढतं. रंगावरून आठवलं: अरुबाच्या खासगी बेटावर पर्यटकांच्या पायाशी फिरणाऱ्या, शेंदरी दिसणाऱ्या पक्ष्यांचे फोटो बघून इथे येऊ नका. तो अमेरिकन फ्लेमिंगो, सगळ्या जातींत भडक. आपल्याकडे फ्लेमिंगोच्या, म्हणजे रोहितच्या, दोन जाती येतात. मोठा रोहित उंच, बराचसा पांढरा, चोच फिकट गुलाबी आणि टोक काळं. छोटा रोहित बुटका, जास्त गुलाबी, चोच गडद लाल, लांबून काळीच वाटते. खाडीत संख्या छोट्याची जास्त, कारण त्याचं खाणं म्हणजे निळं-हिरवं शेवाळ, आणि सांडपाण्यावर पोसलेल्या या खाडीत त्याला तोटा नाही. गुलाबी रंगही त्याच खाण्यातून येतो; मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं.

बोट थांबली की एकच पक्षी धरून बघा. चोच उलटी, वरची बाजू चिखलाला टेकलेली, मान डावी-उजवीकडे झुलते आणि मागे गाळावर अर्धगोल रेघा उमटत जातात. जीभ पंपासारखी पाणी आत-बाहेर करत असते. एकाएकी सगळ्या माना ताठ झाल्या तर बोट फार जवळ आलीय असं समजा. तांडेलला इंजिन मंद करायला सांगा. थवा उडाला की लाल-काळे पंख दिसतात खरे, पण मग फेरीत उरतं काय? मुद्दाम उडवायला लावणारे प्रवासी दर बोटीत एक-दोन असतात. त्यांना दटावायला हरकत नाही.

जागा विचारपूर्वक धरा. बोट ऐरोलीहून वाशीच्या दिशेने, म्हणजे दक्षिणेला जाते. सकाळी ऊन डावीकडून येतं, म्हणून जाताना उजव्या काठाला बसा. भांडुप-विक्रोळीकडचे पक्षी उजळ दिसतात. दुपारच्या फेरीला उलट. दुर्बीण आठ बाय बेचाळीसची पुरे, त्याहून जास्त ताकदीची बोटीवर नुसती थरथरते. कॅमेऱ्याला ३०० मिलिमीटरच्या आतली लेन्स आणू नका, शटर हजाराच्या वर ठेवा. मोबाइलवर मात्र ठिपकेच येतील. टोपी दोरीची घ्या, वारा असतो. बोटीवर स्वच्छतागृहाची आशा धरू नका, केंद्रातच उरकून घ्या. लाइफ जॅकेट लहानांच्या मापाचं नीट आवळून बसलंय ना, ते सुटण्याआधीच तपासा.

धक्क्यावर थोडं आधी पोचलात तर कडेच्या उघड्या चिखलात निवट्या नावाचे मासे उड्या मारताना दिसतात, आणि एकच नांगी भलीमोठी असलेले खेकडे ती हलवत बसलेले असतात. लहान मुलं बोटीपेक्षा इथेच जास्त रमतात.

या खाडीचं फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, ८९६ हेक्टर कांदळवन आणि ७९४ हेक्टर पाणी. २०२२ मध्ये ते जागतिक महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आलं. आत केंद्रात हे सगळं मांडलेलं आहे.

तिकीट आधी ऑनलाइन काढा, शनिवार-रविवार लवकर भरतात. ट्रान्स हार्बरवर ठाण्याहून दिघा गावनंतर ऐरोली, पुढे रिक्षाने दिवा गाव. बोट हुकली किंवा भरली तर त्याच भरतीच्या वेळी नेरुळ गाडी पकडून सीवूड्स गाठा. पक्षी तेव्हा डीपीएस शाळेजवळच्या तळ्यावर किंवा टी. एस. चाणक्य या सागरी प्रशिक्षण संस्थेच्या मागे विसाव्याला येतात, तेही फुकट. फक्त तळ्यात पाणी आहे ना, ते आधी विचारून घ्या. भरतीचं पाणी आत आणणाऱ्या वाटा बुजल्या की ते कोरडं पडतं, २०२४ मध्ये तसंच झालं होतं.