तीन वेळा पैसे, तीन वेगळी नावं

५ जून २०२४, लोकसभेच्या निकालाचा दुसरा दिवस. सकाळी सव्वासहाला आम्ही फाट्याच्या हेलिपॅडबाहेर रांगेत उभे होतो. फाटा हे गुप्तकाशीहून सोनप्रयागला जाताना लागणारं गाव. केदारनाथची हेलिकॉप्टरं गुप्तकाशी, फाटा आणि सेरसी अशा तीन ठिकाणांहून उडतात, आमची तिकिटं फाट्याची होती. पावसात भिजू नयेत म्हणून चारही प्रिंट मी दुधाच्या पिशवीत घालून आणले होते. काउंटरवरच्या मुलानं पहिल्या तिकिटावरचा क्यूआर कोड स्कॅन केला, मग दुसऱ्याचा, आणि मान वर न करता म्हणाला, "ये हमारे यहाँ का नहीं है, माताजी."

मागून वन्सं विचारत होत्या, "काय म्हणतोय गं तो?"

हे सगळं सविस्तर लिहिते आहे, कारण येत्या हंगामात असेच गट निघतील, आणि प्रत्येक गटात माझ्यासारखं एक माणूस असेल, ज्याच्यावर बाकीच्यांनी सगळं सोपवलेलं असेल.

आमचा गट नऊ जणांचा. सगळे साताऱ्याचे, रोज सकाळी अजिंक्यतारा चढणारे. कुणी निवृत्त शिक्षक, कुणाचं दुकान मुलांनी सांभाळायला घेतलेलं. मी पोस्टातून निवृत्त. केदारनाथचं ठरलं तेव्हापासून आम्ही तयारीत कसूर केली नाही. फेब्रुवारीपासून पाठीला चार-पाच किलोची सॅक लावून किल्ला चढायचा, रविवारी यवतेश्वरचा घाट. प्रत्येकानं डॉक्टरांकडून तपासून घेतलं. रेनकोट, कानटोप्या, धपाटे, शेंगदाण्याचे लाडू, सगळ्याच्या याद्या झाल्या. गोवा एक्स्प्रेसनं साताऱ्याहून दिल्ली, पुढं ट्रॅव्हलर, हे आरक्षणही वेळेत झालं. उत्तराखंड सरकारची यात्रेची नोंदणी सक्तीची असते, तीही मी नऊच्या नऊ जणांची करून घेतली.

अडलं ते एकाच गोष्टीवर. गौरीकुंडापासून केदारनाथ सोळा किलोमीटरच्या आसपास, तेही सगळं चढणीचं आणि शेवटी साडेतीन हजार मीटरच्या वर. २०१३च्या महापुरात जुनी वाट वाहून गेली, आता रामबाड्याला मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या डोंगरानं लिंचोलीकडे चढावं लागतं, आणि तो भाग खडा आहे. आमच्यातल्या चौघांना ते झेपणार नव्हतं. माझ्या नणंदेच्या, म्हणजे वन्संच्या, दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालेलं. अण्णा आणि काकू पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर. आणि माझी एक मैत्रीण दम्याची. या चौघांसाठी हेलिकॉप्टर, असं ठरलं होतं. तिकिटं मी काढायची.

खरं बुकिंग एप्रिलमध्येच उघडलं होतं. आम्हाला ते कळलं मे महिन्यात, तोपर्यंत आमच्या तारखांची एकही जागा शिल्लक नव्हती. वन्सं रोज विचारायच्या, "झालं का गं तिकिटाचं?" वहिनी करतेय म्हणजे होणारच, हे त्यांनी सगळ्या नातेवाइकांना सांगून टाकलं होतं. त्यांना नाही म्हणायची माझी हिंमत होईना.

तेव्हा एका रात्री मोबाइलवर "केदारनाथ हेलिकॉप्टर तिकीट" असं शोधलं. सगळ्यात वर जे आलं ते मी उघडलं. ती जाहिरात होती, वर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं, पण माझी नजर तिकडे गेली नाही. मंदिराचा फोटो, सरकारी वाटावं असं बोधचिन्ह, हेलिकॉप्टरचे दर, आणि खाली व्हॉट्सअॅपचा हिरवा गोल. त्यावर दाबलं आणि दोन मिनिटांत उत्तर आलं.

माणूस अत्यंत मृदू बोलणारा. त्यानं घाई केली नाही, उलट आधी वयं विचारली. "बुज़ुर्ग हैं तो सुबह का स्लॉट लीजिए, दोपहर बाद मौसम बिगड़ता है," असं म्हणाला. हे अगदी खरं आहे, त्या भागात दुपारनंतर ढग उतरतात. त्याच्या या एका वाक्यावर माझा विश्वास बसला. रद्द झालेल्या जागांचा कोटा एजंटांकडे येतो, असं त्यानं सांगितलं. दर सांगितला माणशी ६,५००, जाऊन-येऊन. सरकारी दर त्या वर्षी फाट्याहून पावणेसहा हजारांच्या आसपास होता. त्यानं वीस हजार सांगितले असते तर मी सावध झाले असते, दोन हजार सांगितले असते तरी झाले असते. सात-आठशे रुपये जास्त म्हणजे एजंटाचं कमिशन, असं मीच माझ्या मनाला समजावलं.

१८ मेला निम्मे पैसे, १३,००० रुपये पाठवले. १९ला तिकिटाचा मसुदा आला, चौघांची नावं, वयं, सकाळी ७:१० ची वेळ. उरलेले १३,००० पाठवले. २२ला तो म्हणाला, प्रत्येकाचा २,५०० रुपयांचा विमा भरावा लागेल, उतरल्यावर परत मिळेल. ते १०,०००. एकूण ३६,०००.

पैसे पाठवताना प्रत्येक वेळी फोनवर घेणाऱ्याचं नाव येतं. तिन्ही वेळा ते वेगळं होतं, आणि तिन्ही वेळा कुणातरी साध्या माणसाचं होतं, कंपनीचं नव्हे, सरकारी खात्याचं तर नव्हेच. मी एकतीस वर्षं पोस्टात काढली. पैसे काढायच्या अर्जावर सहीचा एक फराटा जुळला नाही तर मी तो परत करायचे, समोर ओळखीचा माणूस असला तरी. इथं तीन नावं डोळ्यांसमोरून गेली आणि मी तिन्ही वेळा पिन टाकला. त्या क्षणी माझ्या डोक्यात पैसे नव्हतेच, वन्संना "झालं" असं कधी सांगते एवढंच होतं.

२४ मेला त्यानं आणखी मागितले. कराचा फरक म्हणून १२,०००. तेव्हा मात्र पोटात खड्डा पडला. मी नाही म्हटलं. तो म्हणाला, मग तिकीट रद्द होईल. मी गप्प राहिले. तासाभरानं त्याचाच फोन, आवाज पुन्हा तसाच गोड, "माताजी, आपके लिए मैं एडजस्ट कर देता हूँ." पाठोपाठ त्यानं हेलिकॉप्टर उतरतानाचा एक व्हिडिओ पाठवला, आज सकाळचा आहे म्हणून. असा व्हिडिओ कुठूनही उचलता येतो. पण मला तो हवाच होता, म्हणून मी तो मानला.

त्या दिवशी मला शंका आली होती, हे मी इथं स्पष्ट लिहिते. तिकिटावरचा क्यूआर कोड मी मुलाच्या फोननं स्कॅन करून पाहिला, तर त्यातून नुसती नावं आणि तारीख उमटली, कुठलंही संकेतस्थळ उघडलं नाही. रात्रभर झोप लागली नाही. सकाळी किल्ल्यावर सगळे भेटले, अण्णा हेलिकॉप्टरमध्ये खिडकीशी कोण बसणार यावर काकूंशी बोलत होते, आणि मी काहीच बोलले नाही. फाट्याला पोचल्यावर बघू, असं स्वतःला सांगत मी बारा दिवस काढले. गाडीत बसले, दिल्ली आली, ऋषिकेश गेलं, देवप्रयागला संगम बघायला सगळे उतरले. मी गाडीतच बसून राहिले होते. प्रवासातलं मला फारसं काही आठवत नाही.

काउंटरवरच्या त्या मुलानं मला बाजूला घेऊन नीट समजावलं, त्याचे उपकार आहेत. केदारनाथच्या हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलियात्रा या संकेतस्थळावर मिळतं, पत्ता हेलियात्रा डॉट आयआरसीटीसी डॉट को डॉट इन. २०२३पासून ही व्यवस्था आहे. एजंटांचा कोटा नावाची गोष्टच नाही. यात्रेचा नोंदणी क्रमांक टाकल्याशिवाय तिथलं बुकिंग पुढं सरकत नाही. शिवाय प्रत्येकाचं वजन बघतात, कारण हेलिकॉप्टरमध्ये किलो-किलोचा हिशोब असतो. तो म्हणाला, "उसने आपसे रजिस्ट्रेशन नंबर पूछा था क्या?" नव्हता विचारला. चौघांची आधार कार्डं मागितली होती, वजन नाही, नोंदणी क्रमांक नाही. तो क्रमांक माझ्याच वहीत लिहिलेला होता आणि त्यानं तो का मागितला नाही, हा प्रश्न मला पडला नव्हता. आमच्या मागं आणखी एक कुटुंब होतं, मध्य प्रदेशातलं. त्यांच्या हातातल्या तिकिटावर तेच बोधचिन्ह, तीच अक्षरं. ती बाई रस्त्याच्या कडेला बसून रडली. अशी बनावट संकेतस्थळं उत्तराखंड पोलिसांनी अनेक बंद केली आहेत, पण एक बंद झालं की दुसऱ्या नावानं नवं उघडतं.

तिथूनच १९३० ला फोन लावला. हा सायबर फसवणुकीचा देशभराचा क्रमांक आहे. तक्रार नोंदली की ती संबंधित बँकांपर्यंत जाते आणि पैसे ज्या खात्यात असतील तिथं ते गोठवता येतात. पण त्यासाठी पैसे तिथं असायला हवेत. फोनवरच्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो, पैसे कधी गेले? मी तारखा सांगितल्या. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, शंका आली त्याच दिवशी फोन करायला हवा होता. नंतर कळलं ते असं, की पहिले २६,००० त्याच आठवड्यात पुढं गेले होते. शेवटच्या खात्यात ४,३०० रुपये सापडले, ते गोठवले आहेत, अजून हातात आलेले नाहीत. २४ मेला फोन केला असता तर निदान विम्याच्या नावानं गेलेल्या त्या १०,००० मधले बरेचसे सापडले असते, असं मला वाटतं. साताऱ्याला आल्यावर सायबर पोलिसांकडे रीतसर तक्रार दिली. पैसे पाठवल्याच्या पावत्या आणि व्हॉट्सअॅपवरचं सगळं बोलणं मी पुसलं नव्हतं, त्याचा उपयोग झाला. चौघांच्या आधारच्या प्रती त्या माणसाकडे आहेत, म्हणून सगळ्यांचं आधारचं बायोमेट्रिक लॉक करून घेतलं. हेही कुणाच्या चटकन लक्षात येत नाही.

त्या सकाळी फाट्याच्या एका चहाच्या टपरीत बसून मी सगळ्यांना सगळं सांगितलं. कुणी आवाज चढवला नाही. अण्णा म्हणाले, मी घोड्यानं जातो, आणि काकूही तयार झाल्या. सोनप्रयागला जाऊन घोडे ठरवले. पण चार महिने जी तयारी केली होती ती चढायची, खोगिरावर सहा-सात तास बसायची नाही. भीमबळीच्या पुढं पाऊस लागला, काकू दोनदा सरकल्या, वर पोचल्या तेव्हा त्यांच्याकडून उभं राहवेना. दर्शन झालं. परतल्यावर त्यांनी तीन आठवडे पाठीला पट्टा लावला.

माझी मैत्रीण आणि वन्सं खालीच राहिल्या. डोलीत बसायला वन्सं तयार नव्हत्या, चार माणसांच्या खांद्यावर बसून देवाला जायचं त्यांच्या मनाला पटेना. मी दोघींबरोबर थांबले. एवढ्या लांब येऊन मी वर गेले नाही, जाववलंच नसतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी गुप्तकाशीसमोरच्या उखीमठला गेलो. हिवाळ्यात केदारनाथाची पूजा तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात होते. वन्सं बराच वेळ ओवरीत बसल्या. मग म्हणाल्या, "तुला आधीच शंका आली होती ना?"

मी हो म्हटलं.

"मग मला का नाही बोललीस? मी काय तुझ्यावर रागावले असते?"

मला उत्तर देता आलं नाही. परत आल्यावर मी चौघांचे पैसे माझ्या ठेवीतून द्यायला निघाले. मैत्रिणीनं घेतले, कारण तिला गरज होती आणि तसं तिनं सरळ सांगितलं. अण्णांनी पाकीट परत माझ्या पिशवीत टाकलं. वन्संनी ते देवघरात ठेवलंय, कुणी हात लावत नाही.

आमच्या गटानं आता एक पद्धत ठेवली आहे. पैसे पाठवायचे असतील तर सकाळी किल्ल्यावर, सगळ्यांसमोर, दोघांनी घेणाऱ्याचं नाव मोठ्यानं वाचायचं. परवा महाबळेश्वरच्या एका बंगल्याची आगाऊ रक्कम अशीच दिली. अण्णांनी नाव वाचलं, ते बंगल्याच्या मालकाचं नव्हतं. फोन करून विचारलं तर त्याच्या सुनेचं निघालं. मग दिले.

त्या माणसाचा नंबर मी तक्रारीत दिला आहे, आणि माझ्या फोनमधून काढून टाकलेला नाही. जूनच्या शेवटी सहज उघडून पाहिला, तेव्हा अमरनाथची यात्रा नुकतीच सुरू झाली होती. नंबर तोच होता. केदारनाथाच्या मंदिराच्या जागी आता गुहेतल्या बर्फाच्या लिंगाचा फोटो होता, आणि खाली हिंदीत लिहिलं होतं, हेलिकॉप्टर टिकट उपलब्ध.