आरबीआयच्या ड्राफ्टवर थेट लिहायचं, फेडरेशनमार्फत जायचं की नेत्याला गाठायचं?

तालुक्याच्या अर्बन बँकेत संचालक असाल आणि आरबीआयचा नवा ड्राफ्ट (नियमाचा कच्चा मसुदा) आला तर आपलं म्हणणं पोचवायचं कुठून हा प्रश्न पडतोच. माझं मत आधीच सांगतो, फेडरेशनचा, म्हणजे अर्बन बँकांच्या संघटनेचा, रस्ता धरा, पण थेट लिहिणंही सोडू नका.

थेट लिहिणं आता सोपं झालंय. आरबीआयच्या मे २०२५ च्या फ्रेमवर्कनुसार ड्राफ्टवर कमीत कमी २१ दिवस मिळतात, वेबसाइटवर मत पाठवायला 'कनेक्ट टू रेग्युलेट'ची सोय आहे. पण छोट्या बँकेत जो माणूस कर्जाच्या फायली बघतो तोच इन्स्पेक्शनची उत्तरं लिहितो, त्याने हे वाचायचं कधी? आणि तोपर्यंत ड्राफ्टचा साचा ठरून गेलेला असतो.

मोठ्या बँकांची ताकद इथेच आहे. आयबीए, म्हणजे त्यांची संघटना इंडियन बँक्स असोसिएशन, १९४६ पासून मुंबईत, माणसं तयार, आकडे तयार. मे २०२४ च्या प्रोजेक्ट फायनान्सच्या ड्राफ्टमध्ये बांधकाम चालू असलेल्या प्रोजेक्टवर ५ टक्क्यांपर्यंत प्रोव्हिजन (संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवायचे पैसे) सांगितलं होतं, मग बँका, एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्त कंपन्या), इंडस्ट्री सगळीकडून हरकती गेल्या आणि जून २०२५ च्या फायनल नियमात ते १ टक्क्यावर आलं (कमर्शियल रिअल इस्टेटला १.२५).

आपल्याकडे तसं वजन फक्त फेडरेशनला. २०२१ मध्ये आरबीआयने अर्बन बँकांसाठी विश्वनाथन समिती नेमली तेव्हा नॅफकबचे (अर्बन बँकांच्या राष्ट्रीय फेडरेशनचे) अध्यक्ष ज्योतींद्र मेहता त्यात सदस्य होते, म्हणजे नियम लिहायच्या आधीच आपला माणूस आत बसलेला. ठेवींच्या आकारावर अर्बन बँकांचे चार टियर (गट) करायची कल्पना त्याच समितीची, जुलै २०२२ मध्ये आरबीआयने ती घेतली. तोटाही आहे, फेडरेशनमध्ये हजार कोटीवाली बँकही असते आणि ८० कोटीवालीही, आपण गप्प बसलो तर पत्रात मोठीचंच दुखणं जातं.

राहिला नेत्यांचा रस्ता. जुलै २०२१ पासून दिल्लीत सहकार मंत्रालय आहे, त्याने दार उघडलंय हे खरं. पण नेत्यांच्या ओळखीला मर्यादा आहे: मुंबईची पीएमसी ही सहकारी बँक बुडाल्यावर सहकारी बँकांवर आरबीआयची पकड वाढवणारी २०२० ची कायदादुरुस्ती व्हायची ती झालीच, आणि इन्स्पेक्शनमधल्या शेऱ्यासाठी कुणाला फोन करायला लावणं तर अजिबात नको, बँकेचं नाव कायमचं खराब होतं.

मला मनापासून लागतं ते वेगळंच. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसीच्या ठेवीदाराला सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येत होते, त्या माणसाचं फेडरेशन कुठे आहे? त्याच्या वतीने बोलणारं टेबलावर कोणीच नसतं. म्हणून पत्र लिहाल तेव्हा ठेवीदाराच्या बाजूचा एक तरी मुद्दा घाला.

ड्राफ्ट आला की पहिल्या आठवड्यात आपल्या बँकेचे आकडे काढा, किती कर्जदारांना फरक पडेल, किती भांडवल अडकेल. ते राज्य फेडरेशनला पाठवा आणि तेच पत्र बँकेच्या लेटरहेडवर आरबीआयला. नुसतं 'अन्याय होतोय' लिहिलेलं पत्र कोणी दुसऱ्यांदा वाचत नाही.