पद्मिनीचा फॅन बेल्ट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या नोव्हेंबरात निपाणीहून बेळगावला येताना वंटमुरी घाटाच्या चढावर चार्जिंगचा लाल दिवा लागला आणि वायरिंगमध्ये काहीतरी सैल झाले असेल असे समजून मी गाडी तशीच अर्धा किलोमीटर रेटली, ही माझी पहिली चूक. प्रीमियर पद्मिनी या माझ्या जुन्या मोटारीत पंखा पाण्याच्या पंपावरच बसवलेला असतो आणि तो फिरवणारा फॅन बेल्टच चार्जिंगही करतो. त्यामुळे तो लाल दिवा बॅटरीबद्दल बोलत नसून इंजिनातील पाणी फिरायचे थांबले आहे असे सांगत असतो, हे गाडी १९८६ सालची असूनही मला त्या दिवशी टेम्परेचरचा काटा टोकाला गेल्यावरच उमगले. बॉनेट उघडले तेव्हा बेल्ट नव्हताच. त्याचा हातभर तुकडा रेडिएटरच्या खाली लोंबत होता.

डिकीत मात्र एक नवा बेल्ट होता. खोक्यावर गाडीचे नाव छापलेला, गाडीबरोबरच माझ्याकडे आलेला आणि केवळ पैसे वाया जाऊ नयेत म्हणून मी जपून ठेवलेला. इंजिन थंड होईपर्यंत थांबून, अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारे यंत्र) इंजिनाकडे पार आत ढकलून तो बसवायचा प्रयत्न केला, तर शेवटच्या पुलीवर चढायला त्याला चांगले दोन बोटे अंतर कमी पडले. कारण साधे होते. चार्जिंगच्या मूळच्या डायनॅमोच्या जागी आधीच्या मालकाने अल्टरनेटर बसवला होता आणि त्यासाठी जोडलेला लोखंडी ब्रॅकेट अल्टरनेटरला मूळ जागेपेक्षा बाहेर धरून ठेवतो. खोक्यावरचे नाव खरे होते, पण गाडी आता त्या नावाची राहिली नव्हती. शेवटी उसाची रिकामी ट्रॉली घेऊन निघालेल्या एका ट्रॅक्टरवाल्याने दोर बांधून घाट चढवून दिला आणि चहाखेरीज काही घेतले नाही.

काकतीच्या अलीकडे मिस्त्री दुचाकीवरून आले. त्यांनी तिन्ही पुल्यांच्या कडांवरून सुतळी फिरवली, अल्टरनेटर ताण जुळवायच्या पट्टीच्या खाचेत साधारण एक तृतीयांश बाहेर धरला आणि माप निघाले ९२५ मिलिमीटर. इथवर सगळे बरोबर होते. संध्याकाळी बेळगावातील एका दुकानात मी ‘९२५’ म्हणताच काउंटरवरच्या गृहस्थांनी कॅल्क्युलेटरवर २५.४ ने भागाकार केला, ‘छत्तीस इंच’ असे पुटपुटून ए-३६ क्रमांकाचा बेल्ट समोर ठेवला आणि १९० रुपये घेतले. तो बसला. ताण बरोबर आला, दिवा विझला, आणि त्या रात्री मी त्या दुकानाला मनोमन दुवा दिला.

तो बेल्ट बसायलाच नको होता, आणि तरीही कसा बसला हे कळायला मला तीन आठवडे लागले. ए-३६ मधील छत्तीस इंच हे बेल्टच्या आतल्या बाजूचे माप असते, म्हणजे ९१४ मिलिमीटर. ए जातीचा बेल्ट वरच्या बाजूस १३ मिलिमीटर रुंद आणि ८ मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे बाहेरून मोजला तर त्याची लांबी सुमारे ५० मिलिमीटरने वाढते आणि ९६४ होते. माझी सुतळी बाहेरून फिरवलेली होती. म्हणजे मला जवळजवळ ४० मिलिमीटर जास्त लांब बेल्ट मिळाला होता. मग तो ढिला का पडला नाही? कारण माझ्या पुल्यांच्या खाचा वरच्या बाजूस जेमतेम १० मिलिमीटर रुंद आहेत. १३ मिलिमीटरचा बेल्ट त्यात पूर्ण उतरू शकत नाही. तो सुमारे ४ मिलिमीटर वरच अडकून राहतो आणि वरून फिरल्यामुळे त्याची वाटही २५ मिलिमीटरने लांबते. उरलेली लांबी अल्टरनेटर बाहेर ओढून भरून निघाली. लांबीची चूक रुंदीच्या चुकीने झाकली, आणि मी मात्र ‘अगदी फिट बसला’ असे चार जणांना सांगत फिरलो.

डिसेंबरच्या मध्यास बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर काजळीसारखी काळी पूड दिसू लागली. व्ही बेल्ट, म्हणजे खाली निमुळता होत जाणारा असा बेल्ट, खाचेच्या तळावर नव्हे, तर दोन्ही भिंतींवर घासून ओढतो. माझा बेल्ट मात्र केवळ खाचेच्या कडांवर टेकून फिरत असल्याने त्याच्या बाजूंना पायरी पडली होती. तो जसजसा झिजत खाचेत उतरला, तसतसा ढिला पडत गेला. रात्री हेडलाइट लावून टिळकवाडीच्या फाटकापाशी थांबलो की लाल दिवा पुन्हा मिणमिणू लागे. मिस्त्रींनी तो बेल्ट टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घालून तंबोऱ्याच्या तारेसारखा ताणून दिला. हे त्यांनी करायला नको होते आणि मी करू द्यायला नको होते. त्या ताणाची किंमत पुढे पंपाने चुकवली.

आता ज्याचा हा अनुभव लिहायचा आहे, तो बेल्ट. तीन दुकानांत ‘गाडी कोणती?’ या प्रश्नाला ‘पद्मिनी’ असे उत्तर दिल्यावर एक तर नकारार्थी मान हलली किंवा तेच जुन्या नावाचे खोके पुढे आले. मुंबईच्या रस्त्यांवरून अखेरची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये गेली, तेव्हापासून दुकानदार या गाडीचा माल भरण्याची तसदी घेत नसावेत, असा माझा तर्क आहे. चौथे दुकान उद्यमबागेत बेअरिंग आणि बेल्ट विकणारे, फाउंड्री आणि मशीनशॉपना माल पुरवणारे. तेथील वयस्कर मालकांनी माझ्या हातातला झिजलेला ए-३६ पाहिला, कानडीत ‘इदु अल्ल री’, म्हणजे ‘हा नव्हे हो’, म्हणाले आणि पुढे मराठीत, ‘गाडीचं नाव नको, रुंदी सांगा. आणि लांबी आतून की बाहेरून?’ असे विचारले. सबंध महिन्यात हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस होता. त्यांनी दिलेला बेल्ट १० मिलिमीटर रुंद, आतून दाते असलेला, बाहेरून ९२५ लांबीचा. पाठीवर पांढऱ्या शाईत ‘एव्हीएक्स १०×९२५ एलए’. एलए म्हणजे बाहेरील लांबी. किंमत ३४० रुपये. दीडशे रुपये जास्त द्यायला मी कुरकुरलो, हे कबूल करतो.

पहिल्या पंधरवड्यानंतर माझे मत वाईटच होते. सकाळी सुरू करताच चिमणीसारखी चिरचिर, आणि ‘महागाचा माल हा असा’ अशी नोंदही मी गाडीच्या वहीत करून ठेवली. ती नोंद मी आता मागे घेतो. पुल्यांवर जुन्या बेल्टची पूड आणि तेलाचा थर तसाच होता. तो रॉकेलच्या फडक्याने पुसून कोरडा केला. शिवाय नवा बेल्ट सुरुवातीच्या काही दिवसांत थोडा ताणला जातोच, त्यामुळे ताण पुन्हा तपासावा लागतो. पंप आणि अल्टरनेटर यांच्या मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १० ते १२ मिलिमीटर खाली जाईल एवढाच ताण ठेवला. त्यानंतर आवाज नाही. आठ महिन्यांत गाडी सुमारे ३,२०० किलोमीटर चालली; त्यात एप्रिलच्या उन्हात चोर्ल्याचा घाट आणि या जुलैत खानापूर रस्त्यावरचे डबक्यांचे पाणी असे दोन्ही झाले. पाणी उडाले की दोन-तीन सेकंद किंचाळतो आणि गप्प होतो. बाजूंना चकाकी नाही, दात्यांच्या मुळाशी भेगा नाहीत, काळी पूड नाही. वंटमुरीचा तोच चढ मी मुद्दाम दुपारी दोन वाजता चढून पाहिला. काटा निम्म्याच्या थोडा वर राहिला.

एका गोष्टीबद्दल मात्र मी या बेल्टला कधीच क्षमा करणार नाही, आणि ती म्हणजे पाठीवरची पांढरी शाई. बेल्टची सगळी ओळख त्या एका ओळीत आहे आणि ती ओळ दीड महिन्यात पुसली गेली. पहिल्या आठवड्यात ‘एलए’ गेले, म्हणजे नेमके तेच अक्षर, ज्याच्या अभावी मी १९० रुपये घालवले आणि एक पंप घालवणार आहे. नंतर ९२५ मधला ५ गेला. आता उरला आहे तो कोरा काळा रबर. हा बेल्ट रात्री कुठेतरी तुटला, तर त्याचा तुकडा हातात घेऊन मी पुन्हा ‘गाडी कोणती?’ याच प्रश्नासमोर उभा राहणार. अक्षरे रबरातच उठावदार काढायला असा किती खर्च येतो? टायरवाल्यांना जमते ते यांना का जमू नये?

शेवटी मी घरचा ऑइलपेंट आणि बारीक ब्रश घेतला आणि बॉनेटच्या आतल्या पत्र्यावर ‘बेल्ट १० × ९२५, बाहेरून’ असे लिहून टाकले. आमच्या सौभाग्यवतींच्या मते अक्षर दुकानाच्या पाटीएवढे मोठे झाले आहे. त्याच मापाचा दुसरा बेल्ट आणून डिकीत ठेवला आहे, आणि कंपनीच्या खोक्यावर भरवसा नसल्यामुळे माप लिहिलेली चिठ्ठी पिशवीत वेगळी घातली आहे. ए-३६ पंक्चरवाल्याला त्याच्या कॉम्प्रेसरसाठी देऊ केला होता. त्याने बाजूंची पायरी पाहून हात जोडले.

टॉमीने ताणलेल्या त्या तीन आठवड्यांची खूण म्हणून पंपाखाली मार्चपासून रोज सकाळी रुपयाएवढा ओला डाग असतो. पंप दिवाळीपूर्वी बदलायचा आहे. मिस्त्री म्हणतात, पंप खोलतोच आहोत तर बेल्टही नवाच टाकू. मी नको म्हटले आहे. याचे अजून पैसे वसूल व्हायचे आहेत.